मास्तरांचा पाय आणि हिरोचं स्टेरिंग

सिनेमातल्या हिरोला क्लच दाबताना पाहिल्याचं कुणाला आठवतं का? गाडी चालवणारा हिरो कंबरेपासून वर असतो. पाय दिसतो तो एकदाच, ब्रेक फेल झाल्यावर. तेव्हा मात्र कॅमेरा खाली वाकतो, बूट तीन-चारदा पेडलवर आपटतो आणि पुढच्या वळणावर दरी येते. कारेगावात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मागच्या सीटवर बसून शिकणाऱ्यांना न्याहाळलं, तेव्हा लक्षात आलं की खरं नाट्य त्या न दिसणाऱ्या खालच्या अर्ध्यातच घडतं.

कारेगाव पुणे-नगर रस्त्यावर, रांजणगावचा महागणपती मागे टाकला की लागतं. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. गाव कुठल्या मातीचं बनलंय ते नंबरप्लेटांवरून कळतं: पुण्याची एमएच 12, नगरची 16, बारामतीची 42, आणि कंपन्यांत कामाला आलेल्या पोरांबरोबर आलेली परभणीची 22 आणि नांदेडची 26. शेजारच्या रांजणगावात फियाटचा कारखाना आहे. जीप कंपास 2017 पासून तिथेच बनते, टाटांची नेक्सॉनही तिथलीच. त्यामुळे दिवसभर गाड्यांना दारं बसवणारा पोरगा सुट्टीच्या सकाळी क्लच शिकायला येतो, ही इथली साधी गोष्ट आहे. गाडीचा नट-बोल्ट त्याला तोंडपाठ असतो. ती पुढे कशी न्यायची एवढंच ठाऊक नसतं.

शिकवणी एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर, रहदारी नसेल तेव्हा. मास्तर डावीकडे बसतात आणि त्यांच्या पायाशी दुसरा क्लच, दुसरा ब्रेक. "हाफ क्लच धर दादा, हाफ क्लच. एकदम सोडू नको." दादा एकदम सोडतो. गाडी बेडकासारखी दोन उड्या मारते आणि बंद पडते. "न्यूट्रल कर. चावी मार. काय होत नाय." हे 'काय होत नाय' मास्तर इतक्या शांतपणे म्हणतात, की बंद पडणं हा शिकवणीचाच एक धडा असावा असं वाटतं.

मागच्या सीटवरून एक गंमत दिसते ती शिकणाऱ्याला कधीच दिसत नाही. समोरून कुत्रं आडवं येतं, गाडी अलगद थांबते. मास्तर म्हणतात, "बघ, जमलं की नाही!" दादाची छाती फुगते. पण त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. ब्रेक दाबला तो मास्तरांनी. चार-आठ दिवसांनी मास्तर आपला पाय हळूच मागे घेतात आणि कुत्र्यासमोर गाडी तेव्हाही थांबते. शिकवणी म्हणतात ती एवढीच: कुणाचा पाय कधी निघून गेला, हे समजू न देणं.

त्यानंतर एका ताईंची पाळी. रस्ता सरळ, पण स्टेरिंग सारखं डावी-उजवीकडे. "ताई, ते हलवायचं नसतं, धरायचं असतं." हे हलवणं सिनेमातून आलेलं असणार, अशी मला दाट शंका आहे. जुन्या सिनेमात गाडी स्टुडिओत उभी असायची आणि मागच्या पडद्यावर आधी टिपून आणलेला रस्ता पळायचा. गाडी हलत नाही, मग चालवल्यासारखं दिसणार कसं? म्हणून हिरो सरळ रस्त्यावर वल्हं मारावं तसं स्टेरिंग मारायचा. पुढे गाडी ट्रेलरवर चढवून खऱ्या रस्त्यावर ओढत न्यायची सोय झाली. चाकं तरीही स्थिरच. चेहरा नीट दिसावा म्हणून आतला आरसा कित्येकदा काढून ठेवतात, आणि आरसा नसल्याचं कुठल्याही हिरोला जाणवत नाही. रांजणगावातून निघणाऱ्या नव्या गाड्याही लांबलचक ट्रेलरवर, सीटवरचं प्लॅस्टिक न काढता, एकावर एक उभ्या राहून नगर रस्त्याने जातात. त्यांचाही पहिला मोठा प्रवास असा सिनेमातल्यासारखाच, ड्रायव्हरशिवाय.

हिरोची दुसरी सवय म्हणजे शेजारच्या नायिकेकडे बघत बोलणं. ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. पाच सेकंदांचा एक प्रेमळ कटाक्ष म्हणजे 80 मीटरहून जास्त रस्ता न बघता कापणं. नगर रस्त्यावर तेवढ्यात दोन दुचाक्या, एक एसटी आणि रस्ता ओलांडणाऱ्या शेळ्या सहज येऊन जातात. जुन्या प्रेमिकांना फियाटने मदतही बरीच केली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या त्या गाडीचा गिअर स्टेरिंगलाच असे आणि पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे मध्ये अडथळा काही नाही. हीच पुढे पद्मिनी म्हणून मुंबईची टॅक्सी झाली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या रस्त्यावरून अधिकृतपणे निवृत्त झाली. आता फियाटचं नाव रांजणगावात आहे, पण गिअर दोन सीटांच्या मध्ये आलाय. पहिला टाकायला गेलेला दादाचा हात तिसऱ्यावर पडतो आणि गाडी पुन्हा बंद.

गाडी बंद पडण्याचा खरा अनुभव हिंदी सिनेमात मला एकाच ठिकाणी दिसला. 'जाने भी दो यारो' (1983) मध्ये दारूच्या नशेत ओम पुरी रस्त्यावरची शवपेटी म्हणजे कुणाची तरी बिघडलेली गाडी समजतो, आतल्या माणसाशी गप्पा मारतो आणि मदतही करू बघतो. हे अस्सल आपलं आहे. कारेगावच्या रस्त्यावर बॉनेट उघडलं की मिनिटभरात चार माणसं जमतात. "बॅटरी उतरली." "पेट्रोल बघितलं का?" "दुसऱ्यावर टाका, आम्ही ढकलतो." त्यातल्या एकालाही गाडी येत नसते, पण ढकलायला सगळे असतात.

एमआयडीसीचा रस्ता सोडून मास्तर शिकाऊ माणसाला हायवेला काढतात, तेव्हा हातपाय पुरत नाहीत. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला, तर तो वळतोय की 'या, पुढे काढा' म्हणतोय? खिडकीतून बाहेर आलेला क्लीनरचा हात थांबवतोय की बोलावतोय? समोरच्याने डिपर मारला तो वाट देण्यासाठी, की वाट मागण्यासाठी? ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला राज्य सरकारने 2015 साली मनाई केली; हॉर्नने ती मनावर घेतली नाही. गळिताच्या दिवसांत दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर अंधारात मागे एकही दिवा न लावता चालतो. गाणी मात्र लांबूनच ऐकू येतात, तीच त्याची टेललाइट. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसेस आणि ट्रिपल सीट दुचाक्यांचा लोंढा एकदम येतो. "गाडीकडं बघू नको, माणसाकडं बघ," मास्तर सांगतात. "मान कुठं वळली, पाय कुठं टेकला. समोरचा चुकणारच, असं धरूनच चालवायचं."

हिरोला हे कधी शिकावं लागत नाही, कारण त्याच्या रस्त्यावर दुसरं कुणी नसतंच. असलेच तर गुंड, आणि त्यांचा हेतू तरी स्पष्ट असतो. मौज म्हणजे आपली परीक्षाही सिनेमाच्याच बाजूची. कच्चं लायसन्स हाती आल्यावर किमान 30 दिवसांनी आरटीओच्या ट्रॅकवर गाडी मागे-पुढे घेऊन दाखवायची. तिथे ना शेळी, ना ट्रॉली, ना क्लीनरचा हात. दादा सहज पास होतो. रांजणगावला पूजा होते, नव्या गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडली जातात, आणि मास्तरांच्या पायाविना पहिली गाडी हायवेला लागते.

कारेगावहून पुण्याला जायला सिनेमात एक कट पुरतो. हा प्रवास खराखुरा दाखवायचं कुणी मनावर घेतलंच, तर मध्यंतर शिक्रापूरच्या चौकात होईल, आणि गाडी वाघोलीला पोचेपर्यंत प्रेक्षक घरी जाऊन जेवून झोपलेले असतील.