बुटाखालचे 50 मिलिमीटर

स्कीइंगचे पहिले धडे भाड्याच्या साहित्यावर गिरवून झाले, की पुढच्या हिवाळ्यापूर्वी स्वतःच्या स्की घेण्याचा विचार मनात येऊ लागतो. स्कीची लांबी, रुंदी, बुटाचे माप यांविषयी विक्रेते भरभरून बोलतात. स्कीच्या तळापासून बूट नेमका किती उंचीवर असावा, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. वास्तविक वळणावरील पकड आणि गुडघ्यावरील ताण या दोहोंत त्या उंचीचा वाटा असतो.

ही उंची तीन थरांची मिळून बनते. सर्वांत खाली स्कीची जाडी. सर्वांत वर बाइंडिंग, म्हणजे बुटाला स्कीशी जखडून ठेवणारी आणि पडताना सोडून देणारी यांत्रिक पकड. आणि या दोहोंमध्ये, हवी असल्यास, राइझर प्लेट.

प्लेटची गरज का भासते, हे साध्या भूमितीने कळते. शर्यतीच्या स्कीची कंबर सुमारे 65 मि.मी., तर बुटाचे कवच पायाच्या रुंद भागापाशी शंभराच्या थोडे वर. अर्थात प्रत्येक बाजूस साधारण 20 मि.मी. बूट स्कीबाहेर डोकावतो. वळण घेताना स्की कडेवर कलते, तसतशी ही बाहेर आलेली बाजू बर्फाकडे झुकते. बूट 35 मि.मी. उंचीवर असेल, तर सुमारे 60 अंशांच्या कलाला तो बर्फाला टेकतो. तो टेकताच कड बर्फातून सुटते आणि स्वार घसरत खाली जातो. तीच उंची 50 मि.मी. केली, तर 68 अंशांपर्यंत वाव मिळतो. टणक उतारावर अतिशय कलून वळणाऱ्या शर्यतपटूला हे आठ अंश फार मोलाचे.

दुसरा लाभ तरफेचा. बूट जितका वर, तितका तरफेचा दांडा लांब आणि कडेवर दाब देणे तितके सोपे. पण उसन्या भांडवलावरील व्यापारात नफ्याबरोबर तोटाही वाढतो, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. कड अनपेक्षितपणे बर्फात रुतली, तर तोच लांब दांडा पायाला तितक्याच जोराने पिळतो. दुखापतींची ही चिंता लक्षात घेऊनच आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने उंचीला मर्यादा घातली. प्रौढ स्पर्धकांसाठी स्कीच्या तळापासून बुटाच्या तळापर्यंत 50 मि.मी. आणि बुटाच्या तळाची जाडी 43 मि.मी., याहून अधिक चालत नाही. म्हणजे जगातील निष्णात शर्यतपटूची टाचही तळापासून 93 मि.मी.हून वर नसते.

आता आपल्याकडे वळू. काश्मीरचे आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लालम शर्यतीत 45 वे आले. ती शर्यत कृत्रिम बर्फाच्या टणक उतारावर झाली होती. अशा ठिकाणी प्लेट शोभते. परंतु गुलमर्गचा लौकिक आहे तो अफरवटच्या उतारांवरील खोल, भुसभुशीत हिमासाठी. तेथे शंभर मि.मी. वा त्याहून रुंद स्की वापरतात. बूट स्कीबाहेर जवळजवळ येतच नाही, शिवाय भार कडेवर न पडता संपूर्ण तळावर पसरतो. तेथे प्लेट म्हणजे पायाला निष्कारण वजन आणि खर्चाचा बोजा. नवशिक्याने तर कोणत्याही उतारावर कमी उंचीच, बाइंडिंगपुरतीच, ठेवावी असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला अजून 40 अंश कलता येत नाही, त्याने 68 अंशांची तजवीज कशासाठी करावी?

तरीही प्लेट घ्यावयाचीच असेल, तर ती आपल्या बाइंडिंगला जुळणारी आहे ना, हे आधी पाहावे. वाटेल ती प्लेट वाटेल त्या बाइंडिंगखाली बसत नाही. टाच आणि चवडा यांच्या उंचीतील फरक बदलला, तर उभे राहण्याचा तोलही बदलतो, म्हणून दोन्हीकडील उंची पट्टीने मोजून घ्यावी. छिद्रे पाडण्याचे काम घरी करू नये. जोडणी झाल्यावर आपले वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी सांगून, आपलाच बूट अडकवून, बाइंडिंग योग्य जोराला सुटते की नाही याची चाचणी तंत्रज्ञाकडून यंत्रावर करून घ्यावी.