विरजणातील गोत्रे

बासरला लोक दूरदुरून येतात ते मुलांच्या अक्षराभ्यासासाठी. गोदाकाठच्या सरस्वतीपुढे तांदळात पहिले अक्षर गिरविले जाते. अशा गावी गुरुजींच्या तोंडचा शब्द मुले प्रमाण मानतात, याचा आम्हांस एकदा विसर पडला. आम्ही एम. ए. मराठीचे, शिक्षक रजेवर असल्याने विज्ञानाचा तास आमच्याकडे आला. 'जीवाणू हे रोगांचे मूळ' असे आम्ही सांगितले, आणि ओघात दह्यातही ते असतात हेही बोलून गेलो. पाचवीतील एका मुलीने त्या दिवसापासून ताक वर्ज्य केले.

आठवड्याने तिची आजी शाळेत आली. "काय भेव घातलाव गुरुजी पोरीला? ताकाला हात लाविना गेलीय."

चूक आमचीच होती. मग पुस्तके काढून बसलो.

१८७८ च्या सुमारास जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यवैद्याने आंबलेल्या दुधातील जीवाणू प्रथम निर्भेळ वेगळा केला. १८८४ मध्ये डेन्मार्कच्या ग्रॅमने रंगाची युक्ती काढली: दही लावणारे जीवाणू तीत जांभळेच राहतात, तर शेणामातीतून दुधात शिरणारे आतड्यातील कोलाय गुलाबी दिसतात. पुढे त्याच देशाच्या ओर्ला-येनसेनने १९१९ साली दुग्धाम्ल जीवाणूंची नीट मांडणी केली. मण्यांच्या माळेसारखा की दांडीसारखा, किती उष्णता मानवते, कोणती साखर आंबवितो, अशा कसोट्यांवर त्याने गोत्रे लावली. उष्णतेची कसोटी तर आजीलाही ठाऊक होती. थंडीत ती भांडे चुलीजवळ गुंडाळून ठेवते. लॅक्टोकोकसला तीस अंशांची ऊब पुरते, बल्गेरिकस या दांडीला चाळीसच्या वर हवी.

नावे मात्र टिकत नाहीत. आमच्या जुन्या पुस्तकातील स्ट्रेप्टोकोकस लॅक्टिस १९८५ पासून लॅक्टोकोकस झाला. २०२० मध्ये तर लॅक्टोबॅसिलसच्या एकत्र कुटुंबाची पंचवीस वंशांत वाटणी झाली. बल्गेरिकसचे घर तेवढे जुन्याच नावाने राहिले. याच बल्गेरिकसला २०१२ साली हैदराबादेत भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून घोषित केले गेले, आणि ती निवड विज्ञानाची आगगाडी पाहावयास आलेल्या मुलांनी केली होती! हे ऐकून वर्ग प्रथमच हसला.

न तापविलेल्या दुधातून गुरांचा क्षयही येऊ शकतो, हेही आम्ही लपविले नाही. पण सर्वांस एका दावणीला बांधणे हा अन्याय होता, हे वर्गापुढे कबूल केले. नंतर ताकाचा थेंब काचेवर पसरून, वाळवून, रंगवून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मुलीने बराच वेळ पाहिले. "मणी आहेत, दांड्या बी आहेत. ह्यातला राष्ट्रीय कोणता?" नुसत्या आकारावरून नाव सांगता येत नाही, असे आम्ही प्रांजळपणे सांगितले.

चार दिवसांनी आजीने तांब्याभर ताक पाठविले. घेऊन आली तीच. वाटेत थोडे सांडले म्हणाली. तिच्या ओठावरची पांढरी मिशी आम्हांस दिसली. आम्ही काही बोललो नाही.