अलमट्टी: भांडण उंचीचं की तारखांचं?

जुलै उजाडला की सांगलीत घरोघरी दोन आकडे विचारले जातात. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर, आणि खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती? पहिला आकडा 40 ला गेला की इशारा, 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये तो 57 फुटांवर गेला होता. दुसऱ्या आकड्याभोवती मात्र वर्षानुवर्षं माहितीपेक्षा रागच जास्त साठत आलाय.

“अलमट्टीच्या फुगवट्यानेच सांगली बुडते.” हा समज सगळ्यांत घट्ट बसलेला, म्हणून जरा मापं घेऊन पाहू. अलमट्टीची सध्याची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून 519.60 मीटर. तिच्या वरच्या अंगाला, आपल्या हद्दीच्या बाजूला, हिप्परगीचा बंधारा आहे. त्याची पूर्ण पातळी 524.87 मीटर. म्हणजे अलमट्टी काठोकाठ भरलं तरी त्याचं उभं पाणी हिप्परगीच्या पातळीखाली पाच मीटर राहतं, आणि सांगली त्याहून बरीच वर. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीनेही अलमट्टीला दोषी धरलं नाही. पूरग्रस्तांना ते पटलं नाही, आणि त्यांची शंका अगदीच वाऱ्यावरची नाही. पुरात नदीचं पाणी सपाट नसतं, ते वरच्या बाजूला चढत गेलेलं असतं. पात्रात गाळ साचला, बंधाऱ्याचे दरवाजे उशिरा उघडले, तर पाणी आणखी तुंबतं. शिवाय कर्नाटकाला धरण 524.256 मीटरपर्यंत न्यायचंय. तसं झालं तर ते पाच मीटरचं अंतर जवळपास संपतं. आजचा फुगवटा आणि उद्याचा फुगवटा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सभांमधून मात्र ते एकाच दमात मांडले जातात.

मग सांगलीत एवढं पाणी येतं कुठून? कोयना आणि वारणा धरणांचं येतंच. पण धरणांच्या खाली मोकळ्या पाणलोटात कोसळणारा पाऊस कुठल्याच दरवाजाला विचारून येत नाही. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. नदीला उतार कमी, वळणं मोठी, त्यात पूररेषेतली बांधकामं आणि पुलांचे भराव. यातलं शेवटचं दुखणं पूर्णपणे आपलं, पण त्यासाठी बंगळुरूला पत्र लिहून भागत नाही, म्हणून ते मागे पडतं.

“धरणं अर्धी रिकामी ठेवा, पूर टळेल.” इथे हिशेब करावाच. एक लाख क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की 8.64 टीएमसी होतं. अडीच लाख क्युसेकची आवक पाच दिवस टिकली तर 108 टीएमसी, म्हणजे 105.25 टीएमसीची आख्खी कोयना भरून वर उरेल एवढं. रिकामी जागा पुराचा माथा एखाद-दोन दिवस छाटू शकते, आणि ते दोन दिवस लोकांना हलवायला सोन्यासारखे असतात. पण ती पूर गिळत नाही. आणि सप्टेंबर कोरडा गेला तर? ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांना पाणी कुठून आणायचं? उत्तर कर्नाटकातला शेतकरी अलमट्टीबद्दल हेच विचारतो. म्हणून परिचालन सूची लागते: कोणत्या तारखेपर्यंत पाणी कोणत्या पातळीला चढू द्यायचं, याचा आधीच ठरलेला तक्ता. ऑगस्टच्या मध्यापर्यंत अलमट्टी 517 मीटरच्या आसपास ठेवा, ही सांगलीकरांची मागणी अशा तक्त्यातलीच एक ओळ आहे.

“लवादाने सगळं ठरवून दिलंय.” कृष्णा पाणीतंटा लवाद राज्यांमध्ये पाण्याचे वाटे घालतो. बच्छावत लवादाने 1976 मध्ये महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्राला 800 टीएमसी दिलं. कोणत्या रात्री किती दरवाजे उघडायचे, हे त्यात नाही. दुसऱ्या लवादाने 2010 मध्ये अलमट्टीच्या वाढीव उंचीला मान्यता दिली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकल्याने तो निवाडा अजून राजपत्रात आलेला नाही. कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ आहे, पण ते आंध्र आणि तेलंगणापुरतं. तुंगभद्रेवर 1953 पासून मंडळ धरण चालवतं. आपल्या आणि कर्नाटकाच्या मध्ये असं काहीच नाही. उरतात फोन, पत्रं आणि मंत्र्यांच्या भेटी. जून 2021 मध्ये आपले तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील आणि कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा बंगळुरूला भेटले, पुराच्या समन्वयावर बोलले. पुढच्याच महिन्यात पूर आला.

“महाराष्ट्राच्या हातात काहीच नाही.” हे तर साफ चूक. उन्हाळ्यात पारडं फिरतं. एप्रिल-मेमध्ये बेळगाव, बागलकोट, विजापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी कर्नाटक कोयना-वारणेतून दोन-चार टीएमसी मागतं, आणि महाराष्ट्राने ते दिलेलंही आहे. बदल्यात तुबची-बबलेश्वर योजनेतून आमच्या जतला पाणी द्या, असं आपण म्हणत आलोय. जुलैची पातळी आणि एप्रिलचं पाणी ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत, पण बोलणी निरनिराळ्या पत्रांतून चालतात, आणि तीही गळ्याशी आल्यावर.

एका टेबलावर बसल्यावर कर्नाटकाचा पहिला प्रश्न असेल: आम्ही 517 वर थांबलो आणि नंतर पाऊसच आला नाही, तर तूट कोण भरून देणार? उत्तर टीएमसीतच द्यावं लागेल. कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला कोकणात वळवलं जाणारं पाणी बच्छावत लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत मान्य केलंय. हमीचं पाणी द्यायचं तर त्यातलं काही पूर्वेला सोडावं लागेल, आणि तेवढ्या विजेचा तोटा कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे आधी मुंबईत ठरवावं लागेल.