वेदी आणि मांडव : वसईच्या ख्रिस्ती कथागायनाचा मागोवा

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 23 डिसेंबर 1534 च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला, आणि तेव्हापासून मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला सर करीपर्यंतच्या दोन शतकांत फ्रान्सिस्कन, जेझुइट आदी संघांच्या धर्मगुरूंबरोबर लॅटिन उपासना व तिचे संगीत या किनारपट्टीवर रुजले. त्या संगीताचा गाभा होता ग्रेगरियन गायन, म्हणजे ज्यात सारे गायक एकच स्वररेषा गातात आणि ज्याची लय कोणत्याही ठरावीक तालाने नव्हे, तर शब्दांच्या ओघानेच सिद्ध होते असे गायन. मिस्सेतील या लॅटिन प्रार्थनांचे गांभीर्य वसईकर श्रोत्यापर्यंत पोचत असले, तरी त्यांतली कथा त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. तिला वेदीबाहेर दुसरे गाणे शोधावे लागले.

ते गाणे ओवीत सापडले. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली आणि 1616 मध्ये रायतूर येथे ती रोमन लिपीत छापली गेली, तेच ‘ख्रिस्तपुराण’. ग्रंथिक ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात, चौथा आखूड व मोकळा राहतो आणि अक्षरसंख्या गणवृत्तासारखी काटेकोर नसते, त्यामुळे ती तालाविना, अर्थाच्या ओघाने म्हणता येते. लॅटिन गायनावर वाढलेल्या कानाला हा छंद परका न वाटता जवळचा वाटला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. स्टीफन्स यांनी छंदाबरोबर पुराणाची मांडणीही घेतली: श्रोत्यांच्या शंका, त्यांवर पाद्रीचे निरूपण, आणि स्वर्गासाठी चक्क ‘वैकुंठ’ हा शब्द. कथा परदेशातून आली, तरी ती कशी सांगायची हे ऐकणाऱ्यांच्या वारशाने ठरविले.

उत्तर कोकणापुरते पाहता याहून जवळचा दाखला फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायस यांच्या 1659 च्या सुमाराच्या पुराणाचा आहे, कारण ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा सांगणारी ही रचना वसई-साष्टीकडच्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीला धरून आहे. एकोणिसाव्या शतकातही मुंबईत तिचे पुनर्मुद्रण झाले, यावरून तिला वाचक आणि गायक उरले होते हे उघड आहे.

1739 नंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर नेल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर 1721 हे साल आहे, तर मेणवलीच्या घंटेवर 1707. पोर्तुगीज चर्चसाठी ओतलेली ही धातू पुढे शंकराच्या देवळांत निनादू लागली, हा इतिहासाचा एक मिस्कील फेरा. युरोपीय धर्मगुरू निघून गेल्यावर येथील धर्मग्रामांचा भार देशी धर्मगुरूंवर आला, पण उपासनेची लॅटिन मात्र तशीच राहिली.

या सर्व काळात मांडवातील गाणे कोणाच्या आज्ञेवाचून चालू होते. सामवेदी, वाडवळ, कोळी आणि ईस्ट इंडियन या ख्रिस्ती समाजांत लग्नाच्या विधींची गाणी स्त्रियांनी तोंडपाठ जपली. ईस्ट इंडियनांच्या लग्नात उंबराचे पाणी आणायला वाजतगाजत जाण्याची प्रथा आहे आणि त्यांच्या गाण्यांना घुमटाची, म्हणजे तोंडावर कातडे ताणलेल्या मातीच्या वाद्याची, साथ असते. कथनाचे कसब, उपमा, नात्यांची थट्टा हे सारे या गाण्यांत टिकले आणि तेही घरच्या बोलीत. एकाच गायिकेच्या कंठात सकाळी लॅटिन उत्तरे आणि संध्याकाळी सामवेदी गाणी असणे, हे वसईत कोणाला विसंगत वाटत नव्हते.

4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवज संमत करून लोकभाषांना आणि स्थानिक संगीतपरंपरांना उपासनेत वाव दिला, आणि त्यानंतर वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा, पेटी-तबला आणि भजनाचा ठेका यांचा प्रवेश झाला. मराठी ख्रिस्ती भजनाची वाट तत्पूर्वीच रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) प्रॉटेस्टंट पंथात रुळवली होती, त्यामुळे कॅथलिक रचनाकारांपुढे कोरी पाटी नव्हती. पुढे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून त्याच कथेला आजच्या मराठी गद्याचे रूप दिले. 22 मे 1998 रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतही स्थापन झाला.

1963 च्या निर्णयाला या इतिहासाचा आरंभबिंदू मानण्याची प्रथा सोयीची असली, तरी ती अपुरी आहे. परिषदेने परवानगी दिली. गाणे मात्र तिच्या आधी साडेतीनशे वर्षे ओवीत आणि मांडवात तयार होत होते, आणि म्हणून वसईच्या ख्रिस्ती संगीताचा अभ्यास चर्चच्या दप्तरापेक्षा लग्नघरातील वृद्ध गायिकांपासून सुरू करणे अधिक सयुक्तिक ठरते.