तारीख चुकू नये म्हणून

पहाटे पाच

पहिला फोन नाणे मावळात जातो. "ताप मोजला का?" एवढंच विचारायचं असतं. केमो होऊन आठ-दहा दिवस झालेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. त्या दिवसांत ताप शंभराच्या वर गेला, तर पावसाळी ताप म्हणून गोळी देऊन झोपवायचं नसतं. थेट दवाखाना गाठायचा. पलीकडून म्हातारीचा नातू सांगतो, अठ्ठ्याण्णव. मग दुसरा फोन कामशेतला, तिसरा वेहेरगावला. आज या दोन्ही घरांतून मुंबईला माणसं निघायची आहेत.

इथे कुणाचं नाव नाही आणि कुठल्या एका संस्थेचंही नाही. मावळात आणि लोणावळ्यात कर्करोगाच्या रुग्णांसाठी धावणारे छोटे गट जे काम करतात, त्यातला हा जुळवून मांडलेला एक दिवस. जुलैतला कुठलाही मंगळवार धरा. निवृत्त शिक्षिका असलेल्या ताई, रेल्वेतून निवृत्त झालेले भाऊ, स्वतः स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या काकू आणि जीप चालवणारा एक पोरगा, एवढी फौज. ऑफिस म्हणजे ताईंच्या ओसरीतलं कपाट.

कामशेतच्या मामांचा रक्ताचा रिपोर्ट काल संध्याकाळीच व्हॉट्सॲपवर आला आहे. रक्त आदल्या दिवशी गावाजवळच तपासून घ्यायचं, हा या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी नियम. पेशी कमी असतील तर डॉक्टर केमो देतच नाहीत, पुढच्या आठवड्यात या म्हणतात. ते परळला जाऊन ऐकायचं की कामशेतात बसून, यात दोन माणसांचा एक दिवस, दोन रोज आणि गाडीभाडं वाचतं. मामांच्या पेशी आज पुरेशा आहेत.

पावणेसात, लोणावळा स्टेशन

सिंहगड एक्सप्रेस सातच्या पुढेमागे येते. घाटात दरड आली नसेल तर. भाऊंनी त्याची चौकशी साडेपाचलाच करून ठेवलेली असते, कारण पावसाळ्यात मंकी हिलच्या बाजूला काही झालं की पहिल्यांदा याच गाड्या रद्द होतात.

कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे सवलत देते. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला पाऊण माफ. बसून जायच्या दुसऱ्या वर्गात दोघांनाही पाऊण माफ. पण त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. मोबाइलवर तिकीट काढून देणारा हुशार भाचा इथे कामाचा नाही. खिडकीवर कुठला कागद आधी सरकवायचा हे भाऊंना चाळीस वर्षांच्या नोकरीमुळे ठाऊक, आणि रांगेतली माणसं त्यांना अजून 'साहेब' म्हणतात, तेही उपयोगी पडतं.

प्लॅटफॉर्मवर पिशव्या तपासल्या जातात. वेहेरगावच्या आजींची ही पहिलीच खेप, म्हणून त्यांची पिशवी नीट बघायची. बायोप्सीचा रिपोर्ट आहे, पण काचेच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉक? मोठ्या रुग्णालयात रिपोर्टवर विसंबून औषध सुरू करत नाहीत. तुकडा ते स्वतः पुन्हा तपासतात. ब्लॉक पहिल्या लॅबमध्येच राहिले तर पहिली खेप बहुतेक वाया. आजींच्या मुलाने ते टॉवेलात गुंडाळून आणलेत. मामांच्या नाकातून नळी आहे. त्यांच्या पिशवीत मोठी सिरिंज आणि गाळलेल्या पेजेचा थर्मास. गाडीत चारचौघांत नळीतून पेज घ्यायची त्यांना लाज वाटते, म्हणून खिडकीकडची जागा, आणि सोबतीला सून नको, मुलगा हवा. हे कुठल्याही अर्जात लिहिलेलं नसतं.

नकाशावर पाहिलं तर मावळासारखी सोयीची जागा नाही. लोणावळ्याहून पुणे ६४ किलोमीटर, मुंबई १२८. दोन्हीकडे उत्तम इस्पितळं, मधून महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग. तरी आंदर मावळातल्या घराला यातलं काहीच जवळ नसतं. घरापासून डांबरी रस्ता, रस्त्यापासून एसटी, एसटीपासून स्टेशन, स्टेशनपासून दादर. चौथ्या-पाचव्या खेपेला माणूस दमतो आणि एक तारीख चुकवतो. मग पुढचीही. उपचार अर्धवट सुटलेल्या घरांत कारण विचारलं तर गाठीबद्दल कुणी बोलत नाही. भाडं नव्हतं, सोबत नव्हती, कापणी होती, हेच सांगतात. या गटाचं काम काय, तर ती एक तारीख चुकू द्यायची नाही.

गाडी सुटते. खाली खोपोलीकडे उतरणारं पाणीही इथूनच जातं. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या धरणांवर १९१५ पासून खोपोलीला वीज होते, ठोकळवाडीच्या पाण्यावर १९२२ पासून भिवपुरीला. मावळातल्या जुन्या माणसांनी टाटांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते जमीन पाण्याखाली गेली म्हणून. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि परळचं टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. आता त्याच गावांतली नातवंडं फाइल काखेत मारून तिकडे जातात. यावर आजींना काही विचारायची सोय नाही. त्यांना गाडी लागते.

दहा ते दीड, वडगाव मावळ

दिवसाचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा भाग तहसील कचेरीत जातो.

आजचं काम पवन मावळातल्या एका सुनेचं. गर्भाशयमुखाचा कर्करोग, वय चाळिशीच्या आत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार होऊ शकतात. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आता सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना लागू आहे. पण बाईंचं नाव सासरच्या कार्डावर चढलेलंच नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली. माहेरच्या कार्डावर ते अजून आहे, माहेरच्या आडनावासकट. आधारवर सासरचं नाव. बायोप्सीच्या कागदावर डॉक्टरांनी ऐकलं तसं तिसरंच. कागदांवर या तीन वेगळ्या बायका आहेत आणि आजार चौथीला झाला आहे.

ताई असल्या वेळी चिडत नाहीत. टेबलापलीकडच्या कारकुनाला त्यांनी चौथीत शिकवलेलं असतं, निदान त्याच्या बहिणीला तरी. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला, मग इकडे नाव चढवायचा अर्ज, लग्नाचा पुरावा, आधारची दुरुस्ती. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. उपचाराला तेवढा वेळ नसतो, म्हणून दुसरी वाटही आजच धरून ठेवायची. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दराने द्याव्या लागतात. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांच्या आत हवं. पुण्यातल्या बऱ्याच मोठ्या रुग्णालयांवर 'धर्मादाय' ही पाटी आहे. पाटी वाचून खाट मिळत नाही, खाट रिकामी आहे का हे समाजसेवकाच्या खिडकीवर विचारावं लागतं, आणि विचारणाऱ्याच्या हातात तहसीलदाराचा दाखला असेल तर आवाज थोडा वर चढतो.

उत्पन्नाच्या दाखल्याची मावळात एक खास अडचण आहे. द्रुतगती मार्ग, तळेगावची एमआयडीसी, फार्महाउसं. गेल्या पंचवीस वर्षांत जमिनी विकल्या गेल्या आणि गावोगाव स्लॅबची घरं झाली. बाहेरचे 'गुंठामंत्री' म्हणून हसले. पैसा घरात, गाडीत, लग्नात, भावाभावांच्या कोर्टकचेऱ्यांत गेला. आता त्या ग्रॅनाइटच्या ओट्याच्या घरात महिन्याला बारा हजारांवर सिक्युरिटीची नोकरी करणारा मुलगा आणि आजारी बाप राहतो. घर बघणाऱ्याला हे कुटुंब गरीब वाटत नाही आणि घरच्यांना गरीब म्हणवून घ्यायचं नसतं. अर्ज भरायला आलेला बाप्या दारातूनच परत गेल्याचं ताईंनी पाहिलं आहे. मला विचाराल तर झोपडीपेक्षा असल्या घराला मदत पोचवणं कठीण.

दीड वाजता पोहे. ताईंना साखर आहे, म्हणून चहा बिनसाखरेचा. एवढीच सुट्टी.

अडीच, पवनेच्या काठची एक वाडी

भातलावणी जोरात आहे. इंद्रायणीची रोपं आणि चिखलात वाकलेल्या पाठी, घरात फक्त आजारी माणूस. म्हणूनच जुलैत तारखा जास्त चुकतात. चार दिवसांचा पाऊस हातचा गेला तर वर्षभराचा तांदूळ गेला, हे काय त्या घराला शिकवायचं?

काकू आत जातात. इथल्या आजीच्या तोंडाची जखम गालातून बाहेर फुटली आहे. वासामुळे नातवंडं जवळ येत नाहीत, याचंच आजीला जास्त दुःख. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर कशी टाकायची हे काकू थोरल्या सुनेला दाखवतात, ड्रेसिंग बदलतात. चार दिवसांत वास बराच कमी होतो. हा उपाय स्वस्त आहे आणि फार थोड्या घरांपर्यंत पोचला आहे.

मग मॉर्फिनचा विषय निघतो. गोळ्या मिळाल्यात, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे, तिथल्या डॉक्टरांनी दिल्यात. आजी घेत नाही. मुलाला वाटतं, ही गोळी सुरू झाली म्हणजे आईचं संपलं. "आवं, लई दुखलं की देतो," तो म्हणतो. काकू घड्याळ काढतात. दुखेपर्यंत थांबायचं नाही, दर चार तासांनी द्यायची, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध न चुकता. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे कित्येक वर्षं मॉर्फिन ठेवायलाच दवाखाने घाबरत. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, भीती मात्र घराघरांत उरली. काकू स्वतःच्या ऑपरेशनबद्दल सहसा बोलत नाहीत. इथे बोलतात. ती गोळी घेऊन आपण शांत झोपलो, सकाळी उठून भाकरी केली. आजी त्यांच्या छातीकडे बघते आणि मग पाणी मागते.

परतताना अंगणवाडीशी दहा मिनिटं. मिश्रीची डबी कमरेला खोचलेल्या बायकांना तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का ते बघायला लावायचं. ज्यांची जात नाहीत त्यांचं नाव लिहून घ्यायचं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. अंगणवाडीसमोरच्या टपरीवर काय लटकतंय ते सगळ्यांना दिसतं.

साडेपाच, कपाटासमोर

पावत्या. ८० जीचे दाखले. एका दात्याला फोटो हवाय, शक्यतो केस गेलेल्या मुलाचा. ताईंचं ठरलेलं उत्तर: मुलाचा नाही, तिकिटाचा पाठवते. त्यामुळे देणगी गेल्याचंही झालं आहे. लोक साड्या, ब्लँकेटं, फळांच्या करंड्या देतात. लागतात ते गाडीभाडं, मोठ्यांचे डायपर, अंडी आणि जीपचं डिझेल. डिझेलला देणगी देण्यात कुणाला पुण्य दिसत नाही.

यादीत एक तरुण आहे, रक्ताच्या कर्करोगाचा, रोज इमॅटिनिबची गोळी घेऊन कंपनीत कामाला जातो. त्याच्या गोळीमागे मोठी लढाई आहे. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने, म्हणजे १९६९ मध्ये सुरू झालेल्या रुग्णांच्या मदत संस्थेने, नोव्हार्टिस कंपनीच्या पेटंटला विरोध केला. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं म्हणणं फेटाळलं. महिन्याला लाखाच्या वर जाणारं औषध भारतीय कंपन्या काही हजारांत देत होत्या, ते देत राहिल्या. पावत्या लिहिणारी संस्था एवढंही करू शकते. ताईंना हे ठाऊक आहे, पण आत्ता त्यांना एका पावतीचा क्रमांक सापडत नाहीये.

मुंबईतल्या संस्थांशी फोन याच वेळी. आजींना आज परत फिरता येणार नाही. तपासण्या उद्याही आहेत. टाटाजवळ नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा, जेवणाला हरखचंद सावला यांचं जीवनज्योत. दोन ठिकाणी जागा नाही म्हणतात. तिसऱ्या फोनला धर्मशाळेत सोय होते.

साडेसात, पुन्हा स्टेशन

डेक्कन क्वीनमधून मामा उतरतात. केमो झाली. मुलाच्या हातात पुढच्या तारखेची चिठ्ठी, एकवीस दिवसांनी. उलटीच्या गोळ्या कधी द्यायच्या ते भाऊ चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून देतात. जीप कामशेतच्या वाटेला लागते. रस्त्यात मुलगा कुरकुरतो: एकवीस दिवसांनी मला सुट्टी मिळायची नाही, दोन खाडे झालेत, तिसऱ्याला काढतील.

रात्री साडेनऊ

भाऊ वही उघडतात. एकवीस दिवसांनी सोबत कोण? धाकट्याची लावणी तोवर आटोपलेली असेल, पण तो कधी दादरला उतरलेला नाही. भाऊ स्वतः जायला तयार आहेत, मात्र त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात. शेवटी धाकट्याचं नाव लिहिलं जातं आणि ताई त्याला फोन लावतात.

"हे बघ, दादरला पुलावरून पूर्वेला उतरायचं. बाबांना जिना चढवू नकोस, लिफ्ट विचार. आणि रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स घे, एक घेऊ नकोस."

"तारीख कंची म्हणालात?"

ताई पुन्हा सांगतात, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतात.