पॉवर विडर सुरू होईना? आधी पेट्रोल बघा

मिरगाचा पाऊस झाला, भांगलण तोंडावर आली आणि शेडमधला पॉवर विडर काही केल्या सुरू होत नाही. बेळगाव, खानापूर भागातल्या शेतकऱ्यांना हे दुखणं नवं नाही. अशा वेळी इंजिन बहुधा ठीक असतं, खराब झालेलं असतं ते पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं. महिनोन्‌महिने पडून राहिलं की चिकट होतं आणि कार्बोरेटरचं बारीक जेट तुंबतं.

हात लावण्याआधी प्लगची टोपी काढून ठेवा, म्हणजे पाती अचानक फिरणार नाहीत. उघड्यावर, विडी-काडीपासून लांब, टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. जेट तारेने खरवडू नका. भोक मोठं झालं तर इंजिन काळा धूर सोडतं. क्लीनर स्प्रे मारा. प्लग पुसा, होंडा जीएक्स १६० इंजिनात त्याची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते. मग ताजं पेट्रोल भरून, टोपी बसवून दोरी ओढा.

तरीही ठिणगीच नसेल तर मेकॅनिक गाठा. आणि हंगाम संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा. पुढच्या मिरगाला भांगलण खोळंबणार नाही.