बर्फाखालची वळचण

माझा एक भाचा कॅनडात, टोरांटो शहरात नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी त्याच्याकडे गेलो होतो. रत्नागिरीच्या माणसाला थंडी ती काय ठाऊक! पहाटे अंगावर शाल ओढली की आमचा हिवाळा साजरा झाला. तिथे पारा शून्याच्या खाली पंधरा अंशांवर उतरलेला. युनियन स्टेशनवर उतरून मी कोटाची बटणे लावू लागलो, तर भाचा म्हणाला, "मामू, राहू द्या. वर जायचंच नाही. खालून जाऊ."

आणि खरोखरच अर्धा तास आम्ही चालत होतो, पण आभाळ काही दिसले नाही. दोन्ही बाजूंना दुकाने, केशकर्तनालये, दवाखाने, उपाहारगृहे. लोक साध्या सदऱ्यात फिरत होते. डोक्यावर बर्फ पडतो आहे याचा खाली पत्ताही नव्हता.

या भुयारी वाटांच्या जाळ्याला 'पाथ' म्हणतात. आपल्या 'पथ' शब्दाशी किती जुळते नाव! तीस किलोमीटरहून अधिक लांबीचे हे जाळे सत्तरहून अधिक इमारती, भुयारी रेल्वेची स्थानके आणि सुमारे बाराशे दुकाने एकमेकांना जोडते. खाली सूर्य नाही, मग दिशा कशी कळावी? त्यासाठी नावातील चार इंग्रजी अक्षरांना चार रंग दिले आहेत. तांबडा 'पी' म्हणजे दक्षिण, नारिंगी 'ए' म्हणजे पश्चिम, निळा 'टी' म्हणजे उत्तर आणि पिवळा 'एच' म्हणजे पूर्व. तरी नवखा माणूस चुकतोच. मीही चुकलो.

हे सारे एका आराखड्यातून उभे राहिले असेल, असे वाटते. तसे नाही. १९०० साली ईटन नावाच्या मोठ्या दुकानाने आपल्या दोन इमारतींना जोडणारे भुयार खणले. पुढे रेल्वे स्टेशनाखालून समोरच्या हॉटेलात जाणारी वाट झाली. १९६०नंतर उंच कार्यालये उभी राहू लागली. पदपथावर एवढी माणसे मावणार नाहीत, हे नगररचनाकारांनी ओळखले आणि इमारतींच्या मालकांना तळघरे जोडायला उद्युक्त केले. म्हणजे थंडीइतकेच गर्दीनेही हे काम करवून घेतले. त्याच देशातल्या माँट्रियलमध्येही असेच घडले. तिथे १९६२मधील एका व्यापारी संकुलापासून आणि १९६६च्या मेट्रोपासून असेच जाळे वाढत गेले.

आता मुख्य गोष्ट. चालता चालता माझे गुडघे दुखू लागले. एका इमारतीखाली संगमरवरी कठडा दिसला, त्यावर टेकलो. दोन मिनिटांत गणवेशातला पहारेकरी आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "इथे बसता येणार नाही." भाचा ओशाळला. म्हणाला, "मामू, हा रस्ता नाही, ही त्यांची जागा आहे."

घरी आल्यावर नीट समजून घेतले. महापालिका १९८७पासून या जाळ्याचा समन्वय करते, पाट्या लावते; पण ज्या इमारतीखालून वाट जाते, ती वाट त्या इमारतीच्या मालकाची. असे सुमारे पस्तीस मालक आहेत. दारे कधी उघडायची, कोणाला बसू द्यायचे, हे तेच ठरवतात. ज्याला घर नाही, त्याला थंडीची सर्वांत जास्त भीती. आणि त्यालाच तिथून आधी उठवले जाते. २०२०मध्ये करोनाने कार्यालये ओस पडली, तेव्हा ही भुयारेही सुनी झाली आणि कित्येक दुकाने बंद पडली. वाट गिऱ्हाइकावर जगत होती.

मला आमची रामआळी आठवली. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आम्हांला भुयार परवडणार नाही, कारण पाणी आधी खालीच धावते. मे २०२५मध्ये मुंबईच्या नव्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले, ते आपण पाहिलेच. आमचा आडोसा जमिनीवरचा आहे आणि त्याला मराठीत सुंदर शब्द आहे: वळचण. छपराच्या पुढे आलेल्या पाख्याखालची ती हातभर जागा. सर आली की शाळेची पोरे, मासळीची पाटी घेतलेली बाई, छत्री विसरलेला कारकून असे सगळे कोणाच्याही वळचणीला उभे राहतात. घरमालकाची परवानगी कोणी मागत नाही. उलट घरातली बाई विचारते, "भिजताय कशाला? ओटीवर या की."

तेव्हा छप्पर मालकाचे असे, पण त्याखालचा आडोसा वाटसरूचा असे. हा अलिखित करार आता मोडू लागला आहे. नव्या इमारतींच्या काचेच्या भिंती सरळ रस्त्यावर उतरतात. त्यांना पाखे नाहीत, पायरी नाही, बसायला कट्टा नाही. पावसात सापडलेला माणूस बाहेर भिजतो आणि आतून पहारेकरी त्याच्याकडे पाहतो.

टोरांटोकडून तळघरे जोडण्याची युक्ती शिकण्यासारखी आहे. मालकांना एकत्र बसवणारी महापालिकाही शिकण्यासारखी आहे. पण इमारतीचा नकाशा मंजूर करताना आपल्या नगरपरिषदांनी एक प्रश्न जरूर विचारावा: या इमारतीला वळचण कुठे आहे? दीड-दोन हात पुढे आलेले छप्पर आणि खाली दगडी बाक, एवढेच मागणे आहे. त्याला फार खर्च येत नाही. आमच्या आजोबांनी कौलारू घरे बांधली, तेव्हा कोणी न सांगताच ही जागा सोडली होती.